दोन फॅरडचा डबा आणि आत निघालेला शंभर रुपयांचा कॅपॅसिटर

गाडीत सबवूफर बसवलाय, बेसचा ठोका पडला की हेडलाइट मंद होतात, आणि ॲक्सेसरीजवाला सांगतोय की "कॅपॅसिटर टाकून घ्या, सगळं सुटेल". (कॅपॅसिटर म्हणजे वीज थोडा वेळ साठवून झटक्यात देणारा भाग; तो किती साठवतो ते फॅरडमध्ये मोजतात.) तुमचं गाडं इथवर आलं असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझ्या भाच्याचे नवी मुंबईत याच बोलण्यावर नऊ हजारांच्या आसपास गेले. दुकानाचं नाव देत नाही. नंतर मी ठाण्यातल्या काउंटरवर चौकशी केली तेव्हा तोच डबा आणि तेच बोलणं तिथेही निघालं. म्हणून नावापेक्षा प्रकार ओळखता येणं महत्त्वाचं.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ड्राइव्ह आणि यूपीएस दुरुस्तीचं काम करतो. फुगलेले, सुकलेले, फुटलेले कॅपॅसिटर रोज हातातून जातात. भाचा कोपरखैरण्याला राहतो. जुनी हॅचबॅक आहे, तिच्यात त्याने एक मोनोब्लॉक ॲम्प (फक्त सबवूफर चालवणारा एका चॅनेलचा ॲम्प्लिफायर) आणि बारा इंची सबवूफर बसवून घेतला होता. पाम बीच रोडला गाडी पळत असताना फारसं जाणवायचं नाही, पण ठाणे-बेलापूर रोडला सिग्नलवर उभं राहिलं, एसी चालू असला, की प्रत्येक ठोक्याला हेडलाइट आणि डॅशबोर्डचे दिवे खाली-वर व्हायचे. तो दुकानात गेला. त्याला '२ फॅरड' लिहिलेला चकचकीत डबा दाखवला गेला, वर पारदर्शक झाकण आणि त्यात निळे आकडे. डबा ४,८०० रुपये, 'फोर गेज' (वायरच्या जाडीचं माप) वायरिंग किट २,६००, बसवायची मजुरी १,५००.

काउंटरवर जे झालं ते नीट सांगतो, कारण खरी हातचलाखी तिथेच आहे. मेकॅनिकने डबा बॅटरीला जोडला आणि आकडे दाखवले: १२.४. "बघा साहेब, तुमची लाइन किती खाली आहे." मग बाकीचं वायरिंग पुरं केलं, गाडी चालू करून गाणं लावलं. आकडे झाले १४.२. "आता बघा. कॅपॅसिटरने उचललं." भाच्याला पटलं, आणि डोळ्यासमोर आकडा वाढलेला बघून कुणालाही पटेल. पण पहिला आकडा इंजिन बंद असतानाचा होता आणि दुसरा चालू असतानाचा. बंद गाडीची बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवतेच, आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा जनरेटर) १३.८ ते १४.४ देतोच. डबा जोडलेला असो वा नसो, हा फरक दिसणारच. कॅपॅसिटर व्होल्टेज तयार करत नाही. त्याला जेवढं मिळतं तेवढंच तो धरून ठेवतो.

दुसरी गोष्ट घरी आल्यावर कळली. हेडलाइट खरंच कमी मिचकत होते, पण बेसही कमी झाला होता. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "आता साउंड क्लीन झालाय." भाच्याकडे ॲम्प बसवला तेव्हाचा मोबाइलवरचा फोटो होता. त्यात गेनची (ॲम्पचा जोर ठरवणाऱ्या खुंटीची) खूण घड्याळात दोन वाजतात तिथे, आणि आता ती दहाच्याही खाली. डबा बसवताना गेन गुपचूप उतरवला होता. ॲम्पने करंटच कमी ओढला तर दिवे मिचकणार कशाला?

तो म्हणाला, "मामा, निदान डबा तरी खरा असेल ना?" तेव्हा रविवारी गाडी वागळेला आणायला सांगितली.

खरा आहे का ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. १० ओहमचा २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, मल्टिमीटर आणि मोबाइलमधलं घड्याळ बस झालं. कॅपॅसिटर पूर्ण रिकामा करायचा, रेझिस्टरमधून १२ व्होल्टला जोडायचा आणि तो ७.६ व्होल्टला, म्हणजे ६३ टक्क्यांना, किती सेकंदांत पोचतो ते बघायचं. ओहम गुणिले फॅरड म्हणजे सेकंद, एवढंच गणित. १ फॅरड असेल तर साधारण १० सेकंद, २ फॅरड असेल तर २०. हा डबा जोडला आणि मीटर थेट १२ च्या जवळ जाऊन उभा राहिला, मोजायला काही उरलंच नाही. भाच्याला वाटलं मी वायर चुकीची लावली. त्याच्याच हाताने पुन्हा जोडायला लावली, तरी तेच.

मग झाकण काढलं. निळ्या आकड्यांची छोटी प्लेट थेट दोन जाड टर्मिनलांना जोडलेली, म्हणजे तो फक्त एक व्होल्टमीटर, आत कॅपॅसिटर असो नसो तो चालणारच. त्याखाली राखाडी सिमेंटसारखं भरण. ते स्क्रूड्रायव्हरने उकरत गेलो तर मधोमध अंगठ्याएवढा एक कॅपॅसिटर निघाला, छापलेलं २५ व्होल्ट, १०,००० मायक्रोफॅरड. टर्मिनलांपासून त्याच्यापर्यंत मोबाइल चार्जरमध्ये असते तेवढी बारीक वायर. दहा हजार हा आकडा मोठा वाटतो, पण १ फॅरड म्हणजे दहा लाख मायक्रोफॅरड. लेबलवर २ फॅरड आणि आत त्याचा दोनशेवा भाग. असा सुटा कॅपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला शंभर रुपयांच्या आत मिळतो. डब्याचं सगळं वजन त्या भरणाचं होतं.

एवढ्यावर थांबलो तर लोक म्हणतील, ठीक आहे, मग चांगल्या कंपनीचा खरा घेऊ. म्हणून पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. खरा २ फॅरडचा असता तरी भाच्याचा त्रास गेला नसता.

कॅपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग. १ फॅरड १४ व्होल्टला भरला तर ९८ ज्यूल. पण ती सगळी वापरता येत नाही, कारण १२ व्होल्टच्या खाली उतरलो तर उपयोगच काय? १४ पासून १२ पर्यंत उतरताना हाती येतात फक्त २६ ज्यूल. ॲम्प ५० अँपिअर ओढत असेल तर तो सेकंदाला सुमारे ६५० ज्यूल खातो. म्हणजे १ फॅरड पुरतो ०.०४ सेकंद, २ फॅरड ०.०८. चाळीस हर्ट्झच्या बेसचं एक आवर्तनच ०.०२५ सेकंदाचं असतं, आणि गाण्यातला ठोका त्याच्या कितीतरी पट चालतो. ठोक्याच्या सुरुवातीलाच कॅपॅसिटर रिकामा होतो, आणि मग त्याला परत भरायचं कामही त्याच अल्टरनेटरवर पडतं. आता बॅटरी बघा. ३५ अँपिअर-अवरची साधी बॅटरी म्हणजे पंधरा लाख ज्यूल. "कॅपॅसिटर लावला की बॅटरीवर लोड येत नाही" हे वाक्य दुकानात ऐकलं तर हे दोन आकडे शेजारी ठेवा. "ॲव्हरेज वाढतं" असंही सांगतात. त्यालाही कसलाच आधार नाही.

कॅपॅसिटर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ॲम्पच्या अगदी जवळ, आखूड जाड वायरने जोडलेला, आतला रोध अगदी कमी असलेला कॅपॅसिटर ठोक्याच्या पहिल्या क्षणाचा झटका झेलतो, ॲम्पच्या टर्मिनलवरची तरंगणारी लाइन सपाट करतो. वायरिंग, बॅटरी, अल्टरनेटर सगळं ठीक असलेल्या गाडीत हा शेवटचा हात आहे. आजारी वायरिंगवर तो औषध नाही.

आणि भाच्याच्या गाडीत आजारी होतं ते वायरिंगच. गेन परत जागेवर आणला, डबा काढून टाकला, ५० हर्ट्झचा टोन लावला आणि मीटर घेऊन बसलो. बॅटरीच्या खांबांवर १३.४ व्होल्ट, आणि डिकीत ॲम्पवर ११.३. मधले २.१ व्होल्ट वाटेत जात होते. त्यातले १.२ पॉझिटिव्ह वायर आणि फ्यूज होल्डरमध्ये. किटच्या 'फोर गेज' वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर आतून पांढरी निघाली: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्यात प्लास्टिकचं आवरण जाड आणि धातू कमी. शुद्ध तांब्याच्या तुलनेत अशा वायरचा रोध साधारण दीडपट ते पावणेदोनपट असतो. वर जाडीतही फसवणूक असेल तर विचारायलाच नको.

उरलेले ०.९ व्होल्ट अर्थमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीतून करंट परत जायच्या वाटेत. अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) डिकीत रंगावरच आवळला होता, पत्रा घासलाच नव्हता. तिथे ०.३ जात होते. ०.६ जात होते बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणाऱ्या मूळच्या बारीक केबलमध्ये, आणि हेडलाइट मिचकण्याचं मोठं कारण इथे होतं. हेडलाइटचा अर्थही त्याच बॉडीवर येतो. ॲम्पचे ५० अँपिअर त्या एका बारीक केबलमधून परतताना बॉडीच वर उचलली जाते आणि दिव्यांना तेवढं व्होल्टेज कमी मिळतं. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज ५ टक्के पडलं तर प्रकाश साधारण १५ टक्के पडतो, म्हणून एवढासा फरकही डोळ्यांना लगेच दिसतो.

इलाज साधा निघाला. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक केबल बॉनेटपासून डिकीपर्यंत, डिकीतला पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून त्यावर नीट क्रिम्प केलेला (वायरवर दाबून पक्का बसवलेला) लग, आणि त्याच जाडीची आणखी एक केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडी आणि इंजिनला. (नव्या गाड्यांत निगेटिव्ह खांबावर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे जादा वायर थेट खांबावर बांधू नका, सेन्सरच्या पलीकडे बॉडीच्या बाजूला घ्या.) पुन्हा मोजलं तर ॲम्पवर १३ व्होल्ट. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं तर अजून थोडं मिचकतं. ते अल्टरनेटरच्या ताकदीचं आहे, कारण आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) तो पूर्ण करंट देऊ शकत नाही. त्यावर उपाय म्हणजे मोठा अल्टरनेटर नाहीतर बेस बूस्ट थोडा उतरवणं. भाच्याने दुसरा निवडला.

ॲम्पच्या खोक्यावर '२००० वॉट' लिहिलं होतं, त्याबद्दल एवढंच की त्याच्यावरचे फ्यूज बघा. २५ अँपिअरचे दोन फ्यूज म्हणजे ५० अँपिअर, १४ व्होल्टने गुणलं की आत जाणारे ७०० वॉट. बाहेर त्याहून कमीच येणार.

पण मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. ॲम्पच्या स्वतःच्या फ्यूजशिवाय वायरवर एकच फ्यूज होता, तो डिकीत, ॲम्पशेजारी. म्हणजे बॉनेटपासून सीटखालून जाणारी सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेटही, म्हणजे धार झाकणारी कडीही, घातला नव्हता, पत्र्याची धार थेट आवरणावर घासत होती आणि तिथे चरा पडलेला मी बोटाने पाहिला. तो चरा आतल्या धातूपर्यंत पोचला असता तर बॅटरीचा शेकडो अँपिअर करंट त्या वायरमधून गेला असता आणि तो तोडायला वाटेत काहीही नव्हतं. गाडीच्या मागच्या सीटवर माझी बहीण बसते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. तुमच्या गाडीत बाहेरचा ॲम्प असेल तर आज बॉनेट उघडून हे एकदा बघा. बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल.

उघडलेला डबा आणि मोजणीचा व्हिडिओ घेऊन आम्ही दुकानात गेलो. आधी "कंपनीकडूनच असा माल येतो", मग "उघडला म्हणजे वॉरंटी गेली". राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवल्यावर डब्याचे पैसे परत आले. वायरिंग आणि मजुरीचे नाही. बिलावर फक्त 'कार ॲक्सेसरीज' एवढंच लिहिलेलं होतं, ना फॅरड, ना मॉडेल, ना वायरची जात, त्यामुळे दुकानदार त्यावर अडून बसला. उरलेल्या रकमेसाठी आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. बिलावर 'कॅपॅसिटर, २ फॅरड, १६ व्होल्ट' आणि 'वायर, शुद्ध तांबे, अमुक चौरस मिलिमीटर' असं लिहून मागा. खरा माल विकणारा ते लिहून देतो.

तुमच्या डिकीत आधीच डबा बसलेला असेल आणि तो तपासायला काढणार असाल तर तो खरा आहे असं धरूनच हात लावा. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, अंगठी, कडं, बांगडी काढून ठेवा, आणि इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब दोन्ही टर्मिनलांना लावून तो पूर्ण विझेपर्यंत थांबा. स्पॅनर आडवा पडला तर भरलेला खरा कॅपॅसिटर ठिणगीसरशी लोखंड चिकटवतो. परत लावताना तोच बल्ब मध्ये घालून हळूहळू भरा, थेट जोडू नका, आणि प्लस-मायनस दोनदा बघा. उलटा जोडलेला कॅपॅसिटर फुटलेला मी कामावर पाहिला आहे.