आठ महिने वापरला, फॉन्ट झकास, पण तो ‘ल’!

रोझा वन हा देवनागरी फॉन्ट फुकट मिळत असताना मी त्याच पठडीतल्या ह्या फॉन्टसाठी चौदाशे रुपये घातले, म्हणजे आधीच मूर्खपणा. पण मला तो जुन्या जाहिरातींचा थाट हवा होता, जाडजूड दांडे आणि जोडणाऱ्या रेघा केसाएवढ्या. बोडोनी ह्या जुन्या इटालियन टाइपवाल्याच्या रोमन अक्षरांत हेच होतं आणि 19व्या शतकात लंडनच्या पोस्टरवाल्यांनी ते अजून फुगवलं. देवनागरीत बोरूचा कोन रोमनच्या उलटा, म्हणून जाड-बारीक भलतीकडेच येतं, ते हा फॉन्ट बनवणाऱ्याने बरोब्बर जपलंय. ‘शुभविवाह’ 60 पॉइंटला टाकलं आणि पैसे वसूल वाटले.

मग मावसबहिणीच्या पत्रिकेचं काम आलं, सासर लेले. घाईत शंभर छापूनही घेतल्या आणि आजीने चष्मा पुसून एकच वाक्य टाकलं, “लेले हिंदीत का लिहिलेत रे?” बघतो तर दोन्ही ल दांडीवाले, आणि श पण गाठीचा! महाराष्ट्र सरकारने 2022 मधे जीआर काढून पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा म्हणून सांगितलंय, आणि इथे इंदूरात प्रेसवाला म्हणतो, “भिया, ल तो ल होता है, कौन देखेगा.” आजी बघते ना!

फॉन्टवाल्यांना चिडून मेल केला. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर, टेक्स्टची भाषा मराठी करा. इनडिझाइन ह्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधे भाषा हिंदी होती ती मराठी केली आणि पाकळ्या फुलल्या सगळ्या. म्हणजे युनिकोडला ल एकच, कुठला आकार दाखवायचा ते फॉन्ट भाषा बघून ठरवतो, आणि हा आकार आत पहिल्यापासून होता. मी उगाच शिव्या घातल्या. तरी विकताना एक ओळ लिहायला काय जात होतं? आता प्रेसला देताना सगळं कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांची चित्रं करूनच देतो, त्यांच्याकडे काय उघडेल भरवसा नाही. त्या शंभर पत्रिका ऑफिसातल्या आणि गल्लीतल्या हिंदी मंडळींना वाटल्या, फेकतो कशाला.

बारीक टाइपला मात्र चुकूनही वापरू नका. खडबडीत मरून कागदावर सोनेरी शाईत 11 पॉइंटचा पत्ता टाकला तर मात्रेची रेघच उडाली आणि जेल रोडचा ‘जल रोड’ झाला, दोन पाहुण्यांनी फोन करून विचारलं हे कुठे आलं. 24च्या खाली मी आता साधा फॉन्ट घेतो.

सध्या बायकोच्या फराळाच्या लेबलांवर चालू आहे. ‘चकली’ काय दिसते सांगू! वेबसाइटसाठी मात्र वेगळं लायसन घ्या म्हणतायत, ते मी घेणार नाही, नावाची इमेज करून टाकलीय तिथे.