पिवळा पट्टा, चापेकर आणि आमचा वॉटरपार्क (5 पैकी अडीच स्टार)

मे महिन्यातल्या रविवारी आम्ही सगळे, म्हणजे मी, हे, दीर, जाऊबाई, सासूबाई आणि डोंबिवलीहून सुट्टीला आलेला नणंदेचा मुलगा, असे कणकवलीपासून तासाभरावरच्या एका वॉटरपार्कला गेलो. नाव लिहीत नाही, कारण जुने मालक माझ्या माहेरच्या ओळखीतले आणि गणपतीत त्यांच्याकडे आरतीला जायचंय. इकडचे लोक ओळखतीलच.

पार्क तसा छोटाच, चार घसरगुंड्या, एक लाटांचा तलाव, एक गोल फिरणारा पाळणा आणि लहान मुलांचं डबकं. पूर्वी जुने मालक काजूच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून दिवसभर बसायचे, कुठे लाइन वाढली की उठून स्वतः जायचे, ट्यूबमधली हवा गेली की पोराला हाक मारायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पार्क चालवायला दिला आणि पुण्याहून एक मॅनेजर आला. खुर्ची अजून आहे, तिच्यावर आता लॉकरच्या चाव्यांचा ट्रे ठेवलेला असतो.

तर तिकीट 700. ठीक आहे, मे महिना आहे, पोटापाण्याचा सीझन तेवढाच. आत गेल्यावर कळलं की वर आणखी 400 दिले तर मनगटाला पिवळा पट्टा बांधतात आणि पट्टेवाल्यांची लाइन वेगळी. आम्ही नाही घेतला. मग मोठ्या घसरगुंडीच्या लोखंडी जिन्यावर आम्ही अडतीस मिनिटं उभे, खाली जांभ्याच्या फरशीवर पाय भाजतायत, वर पत्रा तापलाय, आणि शिट्टीवाला पोरगा दर वेळी चार पिवळे सोडून आमच्यातला एक सोडतोय. त्या पोराचा दोष नाही, त्याला सांगितलेलंच तसं, बिचारा आमच्याकडे बघायचंही टाळत होता.

इथेच आमच्या भाच्याचं सुरू झालं. हा पोरगा डिस्नेचा भक्त आहे, कधी गेलेला नाही पण तिकडच्या पार्कांचे नकाशे तोंडपाठ. तो म्हणाला, मामी हे तर चापेकने केलं तेच. सासूबाईंना ऐकू आलं चापेकर, त्यांना वाटलं कोणीतरी पुण्यातला बँकवाला, संध्याकाळपर्यंत त्या "त्या चापेकराचं काय झालं मग" असंच विचारत होत्या.

तर बॉब चापेक म्हणजे डिस्नेचा एक माजी सीईओ. त्याच्या आधी बॉब आयगर 2005 पासून होता, त्याने पिक्सार घेतलं, मार्व्हल घेतलं, शांघायचं पार्क उघडलं आणि फेब्रुवारी 2020 मध्ये खुर्ची चापेकला दिली. डिस्नेच्या पार्कात 1999 पासून फास्टपास नावाची सोय होती, फुकट, वेळ ठरवून घ्यायची आणि त्या वेळेला जाऊन पटकन बसायचं. चापेकच्या काळात, ऑक्टोबर 2021 मध्ये, त्या जागी पैशांची सोय आली, फ्लोरिडात माणशी दिवसाला 15 डॉलरपासून. चाहते भडकले. जून 2022 मध्ये बोर्डाने त्याचा करार 3 वर्षांनी वाढवला आणि नोव्हेंबरमध्ये एका रविवारी रात्री त्याला काढून आयगरला परत आणलं. भाच्याच्या मते हा न्याय झाला. त्याचं म्हणणं, आयगरला गोष्ट सांगायची कळते आणि चापेकला फक्त बिल फाडायचं कळायचं.

माझे दीर मालवणात खानावळ चालवतात, ते जिन्यावरूनच तापले. "रे बाबा, धंदो करून बघ मगे बोल. तो गादीर बसलो नाय बसलो तर कोरोना इलो. पार्काक कुलूप. पगार खयसून देतलो?" यात तथ्य आहे, मार्च 2020 मध्ये पार्क बंद झाली आणि कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड तर एप्रिल 2021 च्या शेवटी उघडलं. वर ते म्हणाले, तुझो आयगर परत इलो तेव्हा ता लायनीचा बंद केल्यान काय?

भाचा गप्प. कारण नाही केलं. आल्या आल्या हॉटेलात राहणाऱ्यांचं रात्रीचं पार्किंग फुकट केलं, डिस्नेलँडला स्वस्त तिकिटाचे दिवस वाढवले, टाळ्या घेतल्या. पण 2024 च्या ऑक्टोबरात त्याच आयगरच्या राज्यात त्याहून महाग पास आला, तिकिटावर वेगळे 400 डॉलर, म्हणजे पट्ट्यावर पट्टा, आणि डिस्नेलँडचं गर्दीच्या दिवसाचं तिकीट 206 डॉलरला गेलं. तेव्हा वाईट बॉब आणि चांगला बॉब ही वाटणी मला काही पटली नाही. एकाने भांडं विस्तवावर ठेवलं, दुसऱ्याने उतरवलं नाही, वर झाकण घातलं.

माझा राग कोणा माणसावर नाही, पट्ट्यावर आहे. 700 रुपयांत मी घसरगुंडीच विकत घेतली होती ना, की नुसतं जिन्यावर उभं राहायचा हक्क घेतला? आणि पट्टा विकायचा तर साधी लाइन हळू चालायलाच हवी, नाहीतर घेणार कोण? म्हणजे लाइन कमी करण्यात मॅनेजरचा तोटा. हे त्या जिन्यावर उभं राहिल्याशिवाय डोक्यात येत नाही, ऑफिसात एसीत बसून तर नाहीच. डिस्नेलँडमध्ये फायर स्टेशनच्या वरच्या मजल्यावर वॉल्ट डिस्नेने स्वतःसाठी छोटी राहायची खोली ठेवली होती म्हणे, हे भाच्यानेच सांगितलं, आणि मला काजूखालची खुर्ची आठवली. आमच्या दशावतारातसुद्धा कंपनीचा मालक पहाटेपर्यंत मांडाच्या आसपासच असतो, लोक कधी पेंगायला लागले ते त्याला तिथूनच कळतं.

जेवण लिहायसारखं नाही. मालवण हाकेच्या अंतरावर आणि मेनूत चायनीज भेळ. सोलकढी आहे, पण गुलाबी पाणी म्हणा. लॉकर चांगले, बायकांच्या चेंजिंग रूम खरंच स्वच्छ, हे नव्या मॅनेजरचंच श्रेय, पूर्वी तिथे उभं राहवत नव्हतं. लाइट गेली तेव्हा जनरेटर मिनिटभरात लागला, तेही पूर्वी नव्हतं. म्हणून अडीच, नाहीतर दीडच दिले असते.

येताना गाडीत पुढचा विषय, थीम पार्कचं पुढे काय. भाचा म्हणे डिस्नेची स्पर्धक कंपनी युनिव्हर्सलने मे 2025 मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोला एपिक युनिव्हर्स नावाचं नवं पार्क उघडलं, आता डिस्नेला हातपाय हलवावेच लागतील, 10 वर्षांत 60 अब्ज डॉलर घालणार असं 2023 मध्ये सांगितलंयच. अबुधाबीचंही जाहीर झालंय, तिथे पार्क बांधणार आणि चालवणार मिराल नावाची तिथली कंपनी, डिस्नेला नावाचे पैसे. दीर खूश, म्हणाले ह्यो खरो धंदो, नाव आपला आणि सिमेंट दुसऱ्याचा. आणि खरंच आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी गल्फात आहे, फ्लोरिडापेक्षा अबुधाबी आम्हाला जवळचंच.

मग हे इतका वेळ गप्प होते ते बोलले, आपल्या सी-वर्ल्डचं काय? गाडीत सगळे हसले. तोंडवळी-वायंगणीचं सी-वर्ल्ड म्हणजे समुद्री थीम पार्क, देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून आमच्या सिंधुदुर्गाची पाठ 1997 मध्ये थोपटली त्यानंतरची ही मोठी घोषणा, जमिनीवरून गावात भांडणं झाली, आणि समुद्र तेवढा जागच्या जागी आहे. तिथे लाइनच नाही, त्यामुळे पट्टाही नाही, असं भाचा म्हणाला, आणि दिवसभरातलं त्याचं तेवढं एक वाक्य दीरांना पटलं.

जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार बघून जा, तेव्हा पट्टा कोणी घेत नाही आणि शिट्टीवाला पोरगाही हसून बोलतो. पायात रबरी चप्पल ठेवा, जिन्यावर काढायला लावतात तेव्हा भांडा. शहाळं गेटबाहेरच्या आजीकडे प्या, आतल्यापेक्षा 20 रुपये कमी आणि मलई काढून देते.