पदोन्नतीचं पत्र आणि बुडालेला ओव्हरटाइम

बडोद्याच्या आसपासच्या मकरपुरा, वाघोडिया, सावली, हालोल या पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. डिप्लोमा किंवा डिग्री करून नुकतेच लागलेल्यांनी तर जरूर वाचावं. हातात ‘असिस्टंट मॅनेजर’ असं पत्र पडलं आणि त्यातच ओव्हरटाइम बंद झाल्याचं लिहिलेलं असलं, तर आधी हिशेब मांडा. मला अशाच पत्रानं लुबाडलं.

मी क्वालिटीत होतो. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार भाग, घ्यायचा, पुसायचा, मायक्रोमीटर आणि बोअर गेज लावून मापं घ्यायची, ड्रॉइंगशी ताडून रिपोर्ट भरायचा. डिस्पॅचचा आठवडा असला की आठ तासांची शिफ्ट दहा-अकरावर जायची. पगार 26,000 होता. 26 दिवस आणि रोजचे आठ तास धरले तर तासाचे 125 होतात, आणि कारखाना कायद्याप्रमाणे जादा तासाला दुप्पट, म्हणजे 250. महिन्याला पन्नासेक तास जादा भरायचे. बारा हजारांच्या वर रक्कम हातात यायची आणि घराचा हप्ता त्यावरच चालायचा.

मग एके दिवशी एचआरनं केबिनमध्ये बोलावलं. पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि हात मिळवत म्हणाले, “तमे तो हवे साहेब थई गया!” (तुम्ही तर आता साहेब झालात!) पगारात तीन हजारांची वाढ होती. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात बारीक अक्षरांत एक ओळ होती : हे पद व्यवस्थापन श्रेणीत मोडत असल्याने ओव्हरटाइम लागू राहणार नाही. मी विचारलं तेव्हा, “त्याबदल्यात कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) मिळेल, काळजी करू नका,” असं तोंडी सांगितलं. पत्राची प्रत मागितली तर “फाइलला लावून देतो” म्हणाले. ती हाती यायला महिना उलटला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच टेबलावर होतो, तेच गेज हातात. हाताखाली एक माणूस नाही. कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, कुणाला कामावर ठेवायचा किंवा काढायचा तर प्रश्नच नव्हता. काम तसूभरही बदललं नाही आणि महिन्याला नऊ हजारांहून जास्त रक्कम गेली. कॉम्प-ऑफ मागितला की “आत्ता डिस्पॅच आहे”, आणि तिमाही संपली की “तो लॅप्स झाला”. पंचिंगची वेळही पुढे ‘जनरल शिफ्ट’ अशी सरसकट दिसू लागली. माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट हीच, कारण त्यातून पुरावाच पुसला जातो.

दांडिया बाजारातले एक काका कामगार संघटनेत अनेक वर्षं होते. त्यांनी पत्र वाचलं आणि सरळ कायदा उघडला. 1948 च्या कारखाना कायद्यात आठवड्याचे 48 आणि दिवसाचे 9 तास, त्यावर कलम 59 प्रमाणे दुप्पट दर होता. कलम 64 मध्ये देखरेखीच्या, व्यवस्थापनाच्या आणि गोपनीय कामाच्या पदांना सूट होती. पण त्यात कोण बसतो हे राज्याचे नियम ठरवायचे किंवा मुख्य कारखाना निरीक्षक जाहीर करायचा. कंपनीनं लेटरहेडवर ठरवून चालत नव्हतं. औद्योगिक विवाद कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयानंही 1985 मध्ये अर्कल गोविंदराज राव यांच्या खटल्यात सांगितलंय की पदाचं नाव बाजूला ठेवा, माणसाचं मूळ आणि मुख्य काम काय ते पाहा.

खरा मॅनेजर असेल त्याला ओव्हरटाइम नाही, हे मला मान्य आहे. जो माणसं नेमतो, खर्च मंजूर करतो, त्याची गोष्ट वेगळी. ऑफिस-दुकानांसाठीच्या गुजरातच्या 2019 च्या कायद्यातही दुप्पट दर आहे आणि व्यवस्थापनाच्या पदांना सूट आहे. राग आहे तो गेज धरणाऱ्याला मॅनेजर म्हणण्याचा.

एचआरला हे दाखवलं तर उत्तर आलं, “ते कामगारांसाठी.” गुजरातमध्ये असं बोलायला धीर कसा होतो? एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारनं अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना दुप्पटऐवजी साधा दर अशी मोकळीक दिली होती. गुजरात मजदूर सभा ही कामगार संघटना कोर्टात गेली. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातला ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे द्यायला लावला. महामारीत सरकारला जे जमलं नाही, ते एका कंपनीच्या पत्रानं कसं जमेल?

नोकरी सोडताना आणखी एक कागद पुढे आला : सर्व येणी मिळाली, कोणतीही मागणी शिल्लक नाही. सही केल्याशिवाय चेक नाही. काकांच्या सांगण्यावरून मी सहीच्या वर लिहिलं, “ओव्हरटाइमचा हिशेब मान्य नाही, हक्क राखून रक्कम स्वीकारली,” आणि तिथल्या तिथे फोटो काढला. तो फोटो, पदोन्नतीआधीच्या सॅलरी स्लिपा, वेळ-तारीख असलेले इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि रात्री नऊनंतर “जॉब तपासून पाठवा” म्हणून आलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, यांवर माझा दावा उभा आहे. वकिलांनी आधीच सांगून ठेवलंय की कंपनीनं हक्कच मान्य नाही म्हटलं की प्रकरण लांबतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. दुप्पट दर कायम आहे आणि जादा कामासाठी कामगाराची संमती लागते. देखरेखीचं काम करणारा महिना 18,000 च्या वर गेला की ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर पडतो, आणि याच आकड्यावरून आता नवी पत्रं निघतील असं मला वाटतं. पण ही मर्यादा देखरेखीच्या कामाला आहे. तांत्रिक काम करणाऱ्याला ती लागू नाही, मग पगार 18,000 असो की 40,000. म्हणून पत्र आलं की त्याच आठवड्यात ईमेलनं विचारा : माझ्या हाताखाली कोण, मला कोणते अधिकार? उत्तर आलं नाही तरी तो ईमेल तुमच्या खासगी पत्त्यावर जपा. जुन्या वेतन अदायगी कायद्यात दाव्याला बारा महिन्यांची मुदत होती, या चारपैकी वेतन संहितेत ती तीन वर्षं आहे.