‘रिझरेक्शन’: कोर्टात नोकरी केलेल्या बाईचा अभिप्राय

टॉल्स्टॉयची ही कादंबरी मी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घासाघीस करून दीडशे रुपयांना घेतली. लुईझ मॉड यांचं जुनं इंग्रजी भाषांतर आहे. अक्षर मुंगीएवढं आणि कागद पिवळट, पण बांधणी घट्ट आहे. लोकलच्या गर्दीत पिशवीत कोंबून नेली तरी एक पान सुटलं नाही.

माझी सगळी नोकरी फोर्टातल्या फौजदारी कोर्टांत लघुलेखक म्हणून झाली. त्यामुळे सुरुवातीचा खटला वाचताना मी गालातल्या गालात हसत होते. मुख्य न्यायाधीशाला एका बाईला भेटायला जायचंय, म्हणून काम लवकर उरकायची घाई. दुसरा बायकोशी भांडून आलाय आणि घरी जेवण मिळणार नाही या काळजीत आहे. तिसऱ्याला पोटाचा विकार. खुर्चीपर्यंतच्या पावलांना तीनने भाग गेला तर नवं औषध लागू पडेल, असं त्याने मनाशी ठरवलंय. पावलं भरतात सव्वीस, मग गडी खुर्चीजवळ एक छोटं पाऊल जास्तीचं टाकतो! पुस्तक १८९९ सालचं, पण हे साहेब मला अनोळखी वाटले नाहीत.

आरोपी कात्यूशा मास्लोवा, वेश्या, एका व्यापाऱ्याला विष दिल्याचा आरोप. ज्युरीत बसलाय प्रिन्स नेखल्यूदोव. तरुणपणी आत्यांच्या घरी वाढलेल्या याच मुलीला त्याने नादी लावलं होतं आणि शंभर रूबल हातात कोंबून तो निघून गेला होता. ज्युरीला ती निर्दोषच वाटते. पण सगळे कंटाळलेले, आणि उत्तर लिहून देताना ‘जीव घेण्याचा हेतू नव्हता’ एवढे शब्द राहून जातात. झाली चार वर्षं सक्तमजुरी, सैबेरियात. घोटाळा झालाय हे मुख्य न्यायाधीशाच्या लक्षात येतं, तरी काम पुढे सरकतं. मला आपला नानावटी खटला आठवला. १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, पण सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे शिक्षा झाली. तो निकाल कोणाला पटो न पटो, त्या न्यायाधीशांनी हात तरी झटकले नव्हते.

पुस्तकाचे पैसे वसूल होतात ते तुरुंगातल्या भेटीत. नेखल्यूदोव पश्चात्तापाने पोळलेला, लग्न करतो म्हणतो. ती त्याच्यावर उसळते: या जन्मी माझ्याकडून मजा करून घेतलीस, आता परलोकातली सोयही माझ्याच जिवावर करायची आहे तुला? तिथे मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. करुणेचे गोडवे गाणारी पुस्तकं पुष्कळ असतात. ज्याच्यावर दया करायची त्यालाच ती झिडकारू देणारं मी तरी दुसरं वाचलेलं नाही. शेवटी शिक्षा सौम्य होते, तरी ती त्याच्याशी लग्न करत नाहीच. सिमोनसन नावाच्या राजकैद्याबरोबर जाते. युद्ध, फाशी आणि प्राणिहत्या या सगळ्यांच्या विरोधातला माणूस तो. टॉल्स्टॉयला त्याच्याविषयी जिव्हाळा आहे, पण थोडी चेष्टाही सोडत नाही.

दुसऱ्या भागात कैद्यांना भर उन्हातून मॉस्कोच्या स्टेशनवर चालवत नेतात आणि पाच जण उष्माघाताने मरतात. मारलं कोणी? कोणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या हुकुमाची तामिली केली. झाड तोडताना, विटा भाजताना प्रेम नसलं तरी चालतं, माणसांशी वागताना चालत नाही, असं नेखल्यूदोवच्या मनात येतं. मधमाश्यांना जपूनच हाताळावं लागतं, तसं. आयुष्यभर ‘हुकुमाप्रमाणे’ टाइप केलेल्या बाईला हे कुठे लागलं असेल ते समजून घ्या. अहिंसा म्हणजे हात न उगारणं एवढंच आपण शाळेत शिकलो. इथे हात कोणीच उगारत नाही आणि तरी माणूस मरतो.

लेखकाने हे नुसतं लिहिलं नाही. दुखोबोर या रशियातल्या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८९५ मध्ये आपली शस्त्रं जाळून टाकली आणि त्यांचा छळ झाला. त्यांना कॅनडाला जाता यावं म्हणून या कादंबरीचं मानधन त्याने देऊन टाकलं.

आता उणं. नेखल्यूदोव आपली जमीन शेतकऱ्यांना देतो, ती प्रकरणं लांबतात. शेवटी नेखल्यूदोव बायबल उघडून बसतो आणि कादंबरीचं प्रवचन होतं. कात्यूशा पानांवरून गेलेली असते, त्यामुळे ते जास्तच कोरडं वाटतं. मी तिथे भराभर पानं उलटली.

भाचीने नुकतीच वकिलीची सनद घेतली आहे. तिला प्रत दिली तर म्हणते, “मावशी, केवढं बारीक अक्षर, मी मोबाइलवर वाचते.” लेखन जुनं असल्याने इंग्रजी प्रत इंटरनेटवर फुकट मिळते, चाळिशी लागलेल्यांनी तीच मोठी करून वाचावी. पाचपैकी चार तारे.