मराठी सूचना ऑनलाइन टाकताना: फोटो, पीडीएफ, वेबपान की आवाज?

नाशिकमधल्या सोसायटीचा, वाचनालयाचा किंवा शेतकरी गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. सूचना बहुधा फोटोच्या रूपात असते. पत्रक डीटीपीवाल्याकडे झालं, त्याची जेपीजी आली, ती पुढे पाठवली. ज्यांना नीट दिसतं त्यांचं काम भागतं. मोतीबिंदूमुळे सगळं धुरकट दिसणाऱ्यांचं, काचबिंदूने कडेचं दिसेनासं झालेल्यांचं, मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेल्यांचं आणि अजिबात न दिसणाऱ्यांचं भागत नाही. मजकूर कोणत्या रूपात टाकायचा हे ज्यांच्या हातात आहे, अशा सचिव, ग्रंथपाल, शिक्षक आणि ग्रुप ॲडमिनसाठी हा आढावा आहे.

वाचणारे दोन तऱ्हेचे असतात. काही जण अक्षर मोठं करून वाचतात. काही जण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं ॲप, लावून ऐकतात: अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा संगणकावर एनव्हीडीए. दोघांना एकच गोष्ट लागते: मजकूर त्यांच्या बाजूने बदलता आला पाहिजे. प्रत्येक पर्याय इथे याच कसोटीवर पाहिला आहे.

फोटो

हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट पर्याय. ए-४ आकाराचं पत्रक फोनवर तिप्पट मोठं केलं की ओळीचा जेमतेम तिसरा भाग पडद्यावर उरतो. मग प्रत्येक ओळीसाठी बोटाने उजवीकडे जा, परत डावीकडे या, आणि परत येताना भलतीच ओळ हाती लागते. त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. मराठीत त्याचा पहिला फटका अनुस्वार, रफार आणि उकारांना बसतो, कारण तेच सर्वांत बारीक. इंग्रजी आकड्यांतल्या फोन नंबरातला 3 आणि 8 वेगळा ओळखू येत नाही तो याचमुळे. टॉकबॅक फोटोतला मराठी मजकूर नीट वाचेल याचा भरवसा नाही. ऐकणाऱ्याला बहुधा कळतं ते इतकंच, की काहीतरी फोटो आला.

रंगांची तऱ्हा आणखी वेगळी. वेबपानं सर्वांना वाचता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकानुसार साध्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं, मोठ्या अक्षराला, म्हणजे २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्याला, ३ : १ चालतं. एफएफ९९३३ या रंगकोडाचा नेहमीचा भगवा घेऊन त्यावर पांढरी अक्षरं टाकली की गुणोत्तर येतं सुमारे २.१. त्याच भगव्यावर काळी अक्षरं टाकली तर ते ९.८ च्या आसपास जातं. सिंहस्थातले बंद रस्ते, वाहनतळ आणि घाटांकडे जाण्याचे मार्ग सांगणारं पत्रक कोणी करत असेल तर एवढा एक बदल फुकटात होतो.

फोटोतून अक्षरं ओळखणारी ॲप आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. ती ध आणि घ, भ आणि म यांत गल्लत करतात. सुलेखनातलं अक्षर असेल तर आणखीच. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची देखणी निमंत्रणं नेमकी तिथे अडतात. तक्त्यात तर पंचाईतच होते. लासलगावच्या कांद्याच्या भावाचा फोटो घ्या: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण असे चार रकाने. ॲप कधी आडवं वाचतं, कधी उभं, आणि कुठला आकडा किमान आणि कुठला कमाल हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही.

पोस्टर हवंच असेल तर पाठवा, पण त्यातला सगळा मजकूर टाइप करून लगेच खालच्या संदेशात द्या. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर चित्राला पर्यायी मजकूर जोडायची सोय आहे. तिथे ‘निमंत्रण’ एवढंच न लिहिता तारीख, वेळ, ठिकाण लिहा.

पीडीएफ

पीडीएफच्या तीन जाती आहेत आणि बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. पहिली स्कॅनची, ती म्हणजे फोटोच.

दुसरी जुन्या फॉन्टमधली, आणि फसगत होते ती हिच्यात. कृतीदेवसारख्या फॉन्टात पडद्यावर देवनागरी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. ‘नाशिक’ या शब्दामागे तिथे यू, के, एफ, एक अवतरणचिन्ह, के आणि डी असतं. स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. शोधायला गेलं तर ‘नाशिक’ सापडत नाही, फॉन्ट बदलला की कचरा दिसतो. डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल बऱ्याचदा अशीच असते, म्हणून काम देतानाच ‘युनिकोडमध्ये द्या’, म्हणजे देवनागरी अक्षर आतही देवनागरी म्हणूनच साठवलेलं द्या, असं सांगावं. जुना मजकूर रूपांतरकातून काढता येतो, मात्र नंतर ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ असे शब्द, रफार, विरामचिन्हं आणि मधले इंग्रजी शब्द डोळ्यांखालून घाला. रूपांतर हमखास चुकतं ते तिथेच.

तिसरी युनिकोडमधून केलेली. ही बरी, पण निर्धोक नाही. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या साठवते, आणि जोडाक्षरं व ऱ्हस्व वेलांटी परत मजकुरात आणताना क्रम बिघडू शकतो. तपासायला अर्धा मिनिट लागतो: ‘किंमत’, ‘स्थिती’, ‘सर्व’ असे शब्द असलेला परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. वेलांटी भलतीकडे गेली तर ऐकणाऱ्यालाही तसंच ऐकू येणार. वर्डमधून पीडीएफ करताना मथळ्यांना नुसतं ठळक करू नका, स्टाइल्समधून हेडिंग लावा. मग सेव्ह ॲजमधून पीडीएफ निवडून पर्यायांमध्ये ॲक्सेसिबिलिटीसाठीच्या टॅगवर खूण करा. प्रिंट टू पीडीएफ वापरलं की हे टॅग गळून पडतात.

इतकं करूनही पानाची रुंदी ठरलेलीच राहते. छापायला आणि सही-शिक्क्यासाठी पीडीएफ ठीक. वाचायला ती दुसऱ्या क्रमांकावर.

टाइप केलेला संदेश आणि वेबपान

शंभर-दीडशे शब्दांच्या सूचनेला साधा टाइप केलेला संदेश पुरतो. फोनमध्ये अक्षर मोठं केलेलं असेल तर तो आपोआप मोठा दिसतो, टॉकबॅक तो वाचतं, फोन नंबरावर बोट ठेवून थेट फोन लावता येतो. फुलं, हात जोडलेली चित्रं यांची माळ लावू नका. स्क्रीन रीडर प्रत्येकाचं नाव उच्चारतो आणि सूचना त्यामागे हरवते.

मजकूर मोठा असेल, पुन्हा पाहावा लागणार असेल किंवा त्यात तक्ता असेल, तर वेबपानच करा. आमची शिफारस निःसंशय हीच. पण इथेही अनेक पानं मराठीशी जुळवून न घेतल्यामुळे बिघडतात.

अक्षर १८ ते २० पिक्सेल ठेवा. ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट, इंग्रजीला पुरणाऱ्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट चांगले आणि मोफत आहेत, जाडी ४०० किंवा ५००. ३०० ची पातळ रेघ मोतीबिंदू असलेल्याला दिसत नाही, आणि सगळंच ठळक केलं तर ‘ष’, ‘क्ष’, ‘घ’ यांच्या पोटातली जागा बुजते. इंग्रजीसाठी सुचवली जाणारी अक्षरांमधली वाढीव जागा मराठीला लावू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा आकारच मोडतो. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोहही टाळा. ‘महानगरपालिकेकडून’सारखा लांब शब्द पुढच्या ओळीत गेला की मागच्या ओळीत भगदाडं पडतात, आणि मोठं करून वाचणाऱ्याला तिथे ओळ संपली असं वाटतं.

पांढऱ्यावर राखाडी अक्षर हवंच असेल तर #७६७६७६ ही शेवटची पायरी. तिचं गुणोत्तर ४.५४ येतं. #७७७७७७ केलं की ४.४८, म्हणजे नापास. #९९९९९९ तर २.८५ वर घसरतो, आणि तारखा नेमक्या त्याच रंगात टाकलेल्या असतात.

पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे एम-आर, असलाच पाहिजे. तिथे हिंदीचा राहिला तर हिंदी आवाज लागू शकतो आणि ३९ चं ‘उनतालीस’ होतं. भाव ऐकणाऱ्या आजींना ‘एकोणचाळीस’ हवं असतं. इंग्रजीचा राहिला तर काही आवाज देवनागरी सरळ गाळतात. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श याच कोडामुळे येतात.

तक्ता खऱ्या तक्त्यासारखा करा, स्पेसबार दाबून रकाने जुळवू नका. शीर्षकांचे कप्पे शीर्षक म्हणून नोंदवले की एनव्हीडीएमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाण वापरून रकाना बदलताना आधी ‘कमाल’ ऐकू येतं, मग आकडा. दुव्याला ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘वाहनतळांची यादी’ असं नाव द्या, कारण पुष्कळ जण नुसत्या दुव्यांची यादी काढून ऐकतात. बोटाने मोठं करण्याची सोय काही तयार साच्यांत बंद केलेली असते. ती सुरू करून घ्या. संगणकावर ४०० टक्के मोठं करून पाहा: तक्ता सोडून आडवं सरकवावं लागत असेल तर मांडणी चुकली आहे.

आवाज

ज्यांना स्क्रीन रीडर जमत नाही अशा ज्येष्ठांसाठी ध्वनिसंदेश मोलाचा आहे. मात्र तो जोडीला असावा, एकटा नको. ऐकलेला फोन नंबर लिहून घ्यायला पुन्हापुन्हा मागे जावं लागतं, आणि तक्ता तर आवाजात मावतच नाही. दोन मिनिटांच्या आत ठेवा, पहिल्याच वाक्यात विषय सांगा, तारीख वारासकट दोनदा म्हणा.

वाचनालयाची स्मरणिका किंवा अंक असा लांबलचक मजकूर असेल तर पीडीएफऐवजी ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करा. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. दुसऱ्याच्या हक्काचं पुस्तक दिव्यांग वाचकासाठी सुलभ रूपात आणायला कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने, नफ्याशिवाय, वाट करून दिली आहे.

पाठवण्याआधी एकदा फोनची आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून टॉकबॅक लावा, फोन पालथा धरा आणि आपलीच सूचना ऐका. नवखा असाल तर बंद कसं करायचं ते आधी पाहून ठेवा. तीच दोन बटणं, तेवढाच वेळ. तारीख, ठिकाण आणि फोन नंबर या तीन गोष्टी न पाहता कागदावर उतरवता आल्या, तर पाठवा.