जुन्या कारखान्याच्या जमिनीची तपासणी: एका सल्लागार सेवेचा अनुभव
बंद पडलेल्या रंगकारखान्याच्या जमिनीचा वापर औद्योगिकवरून निवासी करून घेण्यापूर्वी आम्ही एका सल्लागार संस्थेकडून पर्यावरणीय तपासणी करून घेतली. जुने नकाशे व परवाने चाळून, भूमिगत टाक्या कुठे असतील याचा अंदाज बांधून मगच त्यांनी मातीचे नमुने काढण्यासाठी बोअर घेतले. हे काम खरोखर उत्कृष्ट होते. मातीत शिसे तपासले गेले. मात्र ट्रायक्लोरोएथिलीनसारखी (धातूवरील ग्रीस काढण्यासाठी वापरले जाणारे रसायन) द्रावके पाण्यापेक्षा जड असल्याने भूजलात खोलवर उतरतात आणि त्यांची वाफ जमिनीतून वर येऊन घरांत शिरू शकते, हे ठाऊक असूनही मातीतील वायूची चाचणी मूळ प्रस्तावात नव्हती, ती आम्हाला मागून घ्यावी लागली. जिथे लहान मुले राहणार आहेत, तिथे ही त्रुटी मला गंभीर वाटते.