यांकीज की मेट्स? न्यूयॉर्क परिसरात नव्याने बेसबॉल पाहू लागलेल्या कुटुंबासाठी हिवाळ्यातील तुलना

मुलांसाठी बेसबॉलची टोपी घ्यायला न्यू जर्सीतल्या किंवा क्वीन्समधल्या दुकानात शिरले की समोर दोन टोप्या दिसतात. दोन्हींवर न्यूयॉर्कची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात. एक टोपी गडद निळी व अक्षरे पांढरी, तर दुसरी थोडी उजळ निळी व अक्षरे नारिंगी. पहिली यांकीजची, दुसरी मेट्सची. एडिसन, जर्सी सिटी किंवा जॅक्सन हाइट्समध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबापुढे ही निवड कधी ना कधी येते, आणि क्रिकेटवर वाढलेल्या आईवडिलांना ती कशाच्या आधारे करावी हे उमगत नाही. हा आढावा त्यांच्यासाठी आहे.

विजेतेपदांची मोजदाद केली तर तुलना एका वाक्यात संपते. यांकीजच्या नावावर २७ वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरीच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिका, आहेत, मेट्सच्या नावावर दोनच, १९६९ आणि १९८६. पण यांकीजने शेवटची वर्ल्ड सिरीज २००९ साली जिंकली, म्हणजे आज दहा वर्षांच्या मुलाने या दोघांपैकी कोणालाही जिंकताना पाहिलेले नाही. त्यामुळे आजोबांकडून वारसा मिळालेल्या घरात या आकड्यांना जे वजन असते, ते नव्याने सुरुवात करणाऱ्या घरात नसते. अशा घराने संघाची पारख हिवाळ्यात करावी असे मला वाटते, कारण नोव्हेंबर ते मार्च या सामने नसलेल्या काळात संघ पैसा कोणावर लावतो, स्वतःच्या मुशीतून घडलेल्या खेळाडूंना कसे वागवतो आणि कोणत्या तरुणांसाठी जागा मोकळी करतो, हे उघड्यावर येते.

येथील बाजार आयपीएलच्या लिलावासारखा नाही, हे आधी समजून घ्यावे लागते. लिलावात हातोडा पडतो आणि खेळाडू ज्याची बोली मोठी त्याच्याकडे जातो. बेसबॉलमध्ये मेजर लीगमधील (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमधील) सहा वर्षांची सेवा पूर्ण झालेला आणि करार संपलेला खेळाडू फ्री एजंट होतो, आणि मग आलेल्या प्रस्तावांपैकी कोणता स्वीकारायचा हे तो स्वतः ठरवतो. हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. सेंट लुइसच्या कर्ट फ्लड यांनी १९६९मध्ये आपल्याला न विचारता फिलाडेल्फियाला धाडण्यास विरोध केला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९७२मध्ये ते हरले, कारकीर्दही संपली. तीन वर्षांनी, डिसेंबर १९७५मध्ये, लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंच्या) बाजूने निर्णय दिला आणि मालकांची जन्मभराची पकड सुटली. एखादा खेळाडू पैशासाठी संघ सोडून गेला म्हणून घरात राग व्यक्त होतो, तेव्हा हा इतिहास मुलांना सांगावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

दोन्ही संघांतला खरा फरक ज्या एका व्यवहारात दिसला, तो हुआन सोटो यांचा. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेले सोटो वॉशिंग्टनसोबत २०१९ची वर्ल्ड सिरीज जिंकले, २०२२मध्ये त्यांनी त्या संघाचा १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला, पुढे सॅन डिएगोमार्गे ते यांकीजकडे आले आणि २०२४मध्ये ४१ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारून, क्लीव्हलँडविरुद्ध दहाव्या डावातील निर्णायक फटका मारून त्यांनी यांकीजला वर्ल्ड सिरीजमध्ये नेले. त्यानंतर ते फ्री एजंट झाले. वृत्तांनुसार यांकीजने १६ वर्षांसाठी ७६ कोटी डॉलर देऊ केले होते. मेट्सने १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख दिले. एकूण रकमेत फरक फारसा नाही, पण वर्षाचा हिशेब केला तर मेट्सकडे ५ कोटी १० लाख आणि यांकीजकडे ४ कोटी ७५ लाख असा तो येतो. स्टेडियममधील कुटुंबासाठीच्या खास कक्षाचा मुद्दाही त्या वेळी गाजला: मेट्सने तो देऊ केला, यांकीजने मात्र जी सवलत आपल्या कर्णधारालाही दिलेली नाही ती नवागताला देण्याचे नाकारले, असे सांगितले गेले. मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन लहानपणापासून या संघाचे चाहते आहेत आणि २०२०मध्ये सुमारे २४० कोटी डॉलर मोजून त्यांनी तो विकत घेतला. यांकीजचे हॅल स्टाइनब्रेनर यांच्याकडे संघ वडिलांकडून आला. एकाच्या व्यवहारात चाहत्याची उत्कटता आहे, दुसऱ्याच्या व्यवहारात घराण्याची शिस्त.

सोटो यांच्या करारात रक्कम पुढे ढकललेली नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. लॉस एंजेलिसच्या शोहेई ओहतानी यांच्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात मिळायचे आहेत. याच मेट्सने २०००मध्ये बॉबी बोनिया यांचे देणे असलेले ५९ लाख डॉलर आठ टक्के व्याजाने लांबणीवर टाकले होते, आणि त्यामुळे २०३५पर्यंत दर १ जुलैला त्यांना सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर द्यावे लागत आहेत. तो निर्णय आधीच्या मालकांचा होता. कोहेन यांनी सोटो यांच्या बाबतीत रोख व्यवहार केला, आणि मला तो अधिक स्वच्छ वाटतो.

यांकीजच्या बाजूने बोलायचे तर एरन जज हे एकच नाव पुरेसे आहे. २०१३मध्ये यांकीजनेच त्यांना निवडले, घडवले; २०२२मध्ये ६२ होम रन मारून त्यांनी रॉजर मॅरिस यांचा १९६१चा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीचा) विक्रम मोडला आणि त्याच हिवाळ्यात, इतरांचे प्रस्ताव हाती असताना, नऊ वर्षांच्या ३६ कोटी डॉलरच्या कराराने ते परत यांकीजकडेच आले व कर्णधार झाले. २०२५मध्ये ५३ होम रन आणि .३३१ ची फलंदाजीची सरासरी, तिसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान. घरचा माणूस घरात टिकवण्याचे याहून चांगले उदाहरण न्यूयॉर्कमध्ये सध्या नाही. अडचण वयाची आहे. जज १९९२चे आहेत आणि करार २०३१पर्यंतचा आहे; सोटो १९९८चे, करार २०३९पर्यंतचा. सोटो यांना २०२९नंतर करारातून बाहेर पडण्याची मुभा असली तरी वर्षाला ४० लाख डॉलर वाढवून ती रद्द करण्याचा अधिकार मेट्सकडे आहे. आज आठ वर्षांचे मूल सोटो यांच्यासोबत पदवीपर्यंत पोहोचू शकते, जज यांच्यासोबत फार तर हायस्कूलपर्यंत.

मेट्सचा लंगडा भाग मात्र २०२५च्या हंगामानंतरच्या हिवाळ्यात समोर आला, आणि तो झाकून ठेवणे निवड करणाऱ्यावर अन्याय ठरेल. त्या वर्षी १२ जूनपर्यंत ४५ विजय आणि २४ पराभव अशी सर्व संघांत सर्वोत्तम कामगिरी असूनही मेट्स ८३–७९ वर घसरले, शेवटच्या दिवशी मायामीत ४–० असे हरले आणि तेवढेच विजय असलेल्या सिनसिनाटीला परस्पर सामन्यांतील सरशीमुळे प्लेऑफची जागा मिळाली. त्यानंतर संघाचे प्रमुख डेव्हिड स्टर्न्स यांनी घराची मांडणीच बदलली. २०११मध्ये निवडलेले ब्रँडन निमो टेक्सासला गेले आणि मोबदल्यात मार्कस सिमियन आले. अखेरच्या डावाचे पिचर एडविन डियाझ तीन वर्षांच्या ६ कोटी ९० लाखांवर लॉस एंजेलिसला गेले. आणि पीट अलोन्सो पाच वर्षांच्या १५ कोटी ५० लाखांवर बाल्टिमोरला गेले. अलोन्सो हे मेट्सच्या इतिहासात सर्वाधिक, २६४ होम रन मारणारे खेळाडू. ऑक्टोबर २०२४मध्ये मिलवॉकीत नवव्या डावात डेव्हिन विल्यम्स यांच्या चेंडूवर त्यांनी मारलेला फटका ज्याने पाहिला, त्याला त्यांचे जाणे सहजी पचणार नाही. त्याच विल्यम्स यांना, मधले एक वर्ष यांकीजकडे निराशाजनक गेल्यानंतर, मेट्सने त्याच हिवाळ्यात करारबद्ध केले. आकडेवारीच्या दृष्टीने स्टर्न्स यांचे म्हणणे समजते, कारण तिशी ओलांडलेल्या फलंदाजावर पाच वर्षे लावणे जोखमीचे असते. पण ज्या कोहेन यांनी परक्या संघाचा खेळाडू ७६ कोटींवर आणला, त्यांनी आपल्या माणसासाठी त्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या रकमेवर हात आखडावा, याचे मला खरोखर वाईट वाटले.

यांकीजने त्याच हिवाळ्यात जवळजवळ उलटी वाट धरली. ब्रायन कॅशमन १९९८पासून संघाचे व्यवस्थापन पाहत आहेत आणि त्यांनी मुख्यतः आहे तोच संघ राखला: कोडी बेलिंजर परत आले, ट्रेंट ग्रिशम यांनी एका वर्षासाठीचा २ कोटी २० लाखांचा ठरावीक प्रस्ताव स्वीकारला. २०२५मध्ये ९४ सामने जिंकूनही टोरोंटोशी बरोबरी झाल्यामुळे विभागाचे विजेतेपद हुकले आणि पुढे टोरोंटोनेच त्यांना प्लेऑफमधून बाहेर काढले. त्याआधीच्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाचव्या सामन्यात ५–० अशी आघाडी एकाच डावात, सोपा झेल सोडून आणि पहिल्या बेसवर चेंडू घ्यायला कोणी क्षेत्ररक्षक न पोहोचल्यामुळे घालवली गेली होती. दरवर्षी शर्यतीत असणे ही यांकीजची ताकद आहे. त्याच संघाला पुन्हा पुन्हा तीच संधी देण्यामागे मला स्थैर्य कमी आणि सवय जास्त दिसते.

तरुण पिचरांच्या बाबतीत दोन्ही घरे भरलेली आहेत. यांकीजच्या कॅम श्लिटलर यांनी, स्वतः बॉस्टनच्या परिसरात वाढलेले असताना, ऑक्टोबर २०२५मध्ये बॉस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात आठ डावांत १२ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून एकही धाव दिली नाही. मेट्सच्या नोलन मॅक्लीन यांनी ऑगस्टमध्ये पदार्पण करून आठ सामन्यांत दर नऊ डावांमागे २.०६ धावा अशी सरासरी राखली, आणि त्यांच्या मागोमाग जोना टाँग आले. येथे मी कोणालाच पुढे ठेवणार नाही. पिचरचा खांदा आणि कोपर ही वस्तू फार नाजूक असते, आणि मार्च २०२५मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे गेरिट कोल यांच्यासारखा कसलेला पिचर यांकीजने पूर्ण हंगामासाठी गमावला.

लीगभोवतीच्या वादांचा निवडीवर किती परिणाम व्हावा? टॉर्पीडो बॅटचा वाद मुलांना आवडेल असा आहे: मार्च २०२५मध्ये यांकीजने मिलवॉकीविरुद्ध एका सामन्यात नऊ होम रन मारले आणि त्यांतील काहींच्या बॅटचा फुगीर भाग टोकाऐवजी मुठीकडे सरकवलेला होता. ती बॅट नियमांत बसते, त्यामुळे तो वाद लवकर विरला. पैजेचे प्रकरण गंभीर आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये क्लीव्हलँडच्या दोन पिचरांवर ठरावीक चेंडूंवरील पैजांसंदर्भात ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयात आरोप ठेवण्यात आले, आणि लीगने एकेका चेंडूवरील पैजेला २०० डॉलरची मर्यादा घालून घेतली. हा प्रश्न दोन्ही संघांच्या पलीकडचा आहे.

पगारांचा वाद मात्र थेट या दोघांना भिडतो. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. गेल्या वेळी याच टप्प्यावर मालकांनी ९९ दिवस टाळेबंदी केली होती. आणि १९९४मध्ये पगाराच्या कमाल मर्यादेवरून झालेल्या संपामुळे त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. सध्या कमाल मर्यादा नाही, फक्त लक्झरी टॅक्स, म्हणजे संघाच्या पगारांची बेरीज ठरावीक टप्प्यांपुढे गेली की भरावा लागणारा कर, आहे, आणि सलग तिसऱ्या वर्षी सर्वांत वरचा टप्पा ओलांडणाऱ्या संघाला त्यावरच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर दहा सेंट भरावे लागतात. त्या टप्प्याला लोक कोहेन यांचेच नाव देतात. कमाल मर्यादा आलीच तर यांकीज आणि मेट्स दोघांनाही हात आवरावा लागेल, पण सोटो यांच्यासारखे दीर्घ करार पदरी असलेल्या मेट्सची अडचण अधिक होईल असा माझा अंदाज आहे.

प्रत्यक्ष पाहण्याच्या सोयीत मेट्स पुढे आहेत. क्वीन्समध्ये राहणाऱ्यांना सात नंबरची गाडी जॅक्सन हाइट्समधून सरळ स्टेडियमच्या दारात सोडते. न्यू जर्सीहून येणाऱ्याला पेन स्टेशनवर उतरून लाँग आयलंडची गाडी पकडता येते. यांकी स्टेडियमला १६१व्या रस्त्यावर चार नंबरची, बी आणि डी या गाड्या जातात, तोही प्रवास अवघड नाही. खरा फरक घरी बसून पाहताना पडतो. मेट्सच्या वाहिनीवर गॅरी कोहेन यांच्यासोबत कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग असतात. दोघेही १९८६च्या विजेत्या संघातले, एक पहिल्या बेसवरचे, दुसरे पिचर. अमुक चेंडू का टाकला आणि फलंदाजाने तो का सोडला हे ते इतक्या संयमाने उलगडतात की क्रिकेटची नजर असलेल्या माणसाला एका हंगामात खेळ कळू लागतो. नवख्या घरासाठी ही बाब मी सोटो यांच्या कराराइतकीच महत्त्वाची मानतो.

म्हणून ज्या घरात कोणत्याही संघाची ओढ आधीपासून नाही, त्याला मी मेट्स सुचवेन, अलोन्सो यांच्या जाण्याची सल धरूनही. ज्यांना खेळाडू बदलत राहिलेले सहन होत नाही, किंवा ज्यांच्या मुलाने जज यांना एकदा प्रत्यक्ष पाहून ९९ क्रमांकाचा शर्ट आधीच मागितला आहे, त्यांनी यांकीजकडे जावे आणि मुलाला वळवण्याच्या फंदात पडू नये. दोन्ही संघ दरवर्षी एकमेकांच्या मैदानावर खेळतात. ठरत नसेल तर यांकीज क्वीन्समध्ये येतील तेव्हाची तिकिटे काढावीत, आणि ती २०२६च्या हंगामातच काढावीत, कारण त्यानंतरच्या वसंतात मैदाने वेळेवर उघडतील याची हमी आज कोणाकडेच नाही.